मागची सीट

गाडीचा पाटा काय काम करतो आणि शॉकअप काय काम करतो, हा प्रश्न गेल्या दोन महिन्यांत मी निदान दहाबारा जणांना विचारला असेल. ऑफिसात, सोसायटीत, एका लग्नाच्या पंगतीतसुद्धा. बहुतेकांचं उत्तर एकच. शॉकअप धक्के खातो. आणि पाटा? पाटा पण धक्केच खातो की! मग एकाच कामाला दोन माणसं कशाला ठेवली, असं विचारलं की समोरचा हसतो आणि जिलबीकडे वळतो. :)

खरं म्हणजे दोघांची कामं अगदी वेगळी आहेत. धक्का खातो तो पाटा. चाक दगडावरून वर उचललं जातं तेव्हा पाटा वाकतो आणि तो धक्का स्वतःत साठवून घेतो. पण पोलादाचा स्वभाव असा, की घेतलेलं ते ठेवून घेत नाही, परत करतं. जितका वाकला तितका पाटा उलटा उसळतो, मग पुन्हा वाकतो, पुन्हा उसळतो. एकटा पाटाच असेल तर एका खड्ड्याची आठवण गाडी पुढे कितीतरी वेळ काढत राहील. ही आठवण पुसायचं काम शॉकअपचं. त्याच्या नळीत तेल असतं, तेलात दट्ट्या, दट्ट्याला बारीक भोकं आणि झडपा. उसळी आली की तेलाला त्या बारीक भोकांतून पलीकडे जावं लागतं, त्यात उसळीचा जोर जिरतो आणि त्याची उष्णता होऊन बाहेर जाते. खराब रस्त्यावरून बरंच अंतर चालून आलेल्या गाडीचा शॉकअप हाताला चक्क गरम लागतो. पाटा सोसतो, शॉकअप विसरायला लावतो.

तुम्ही म्हणाल, हा अचानक मेकॅनिक कधी झाला? झालो नाही. पण आमच्या पद्मिनीचे मागचे पाटे आणि शॉकअप या उन्हाळ्यात बदलले, आणि त्या निमित्ताने घरात ज्या गोष्टी निघाल्या त्या लिहून ठेवाव्यात असं वाटलं. नातेवाईकांपैकी जे हे वाचतात त्यांना गाडी माहीत आहे. त्यातल्या अर्ध्या जणांना तिच्यात कधी ना कधी उलटी झालेली आहे. इतरांसाठी थोडी ओळख करून देतो.

गाडी १९७९ सालची प्रीमियर पद्मिनी. मूळ बांधणी इटलीच्या फियाट ११०० ची. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये सुरू केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने ती कुर्ल्याच्या कारखान्यात बनवली. १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट म्हणून आली, सत्तरच्या दशकात 'पद्मिनी' झाली, आणि २००० च्या सुमारास बंद झाली. नाव काहीही असो, आमच्याकडे सगळे 'फियाट'च म्हणतात. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, आणि मागच्या ॲक्सलखाली दोन बाजूंना पाटे. पुढे कॉइल स्प्रिंग आहेत, पण मागचं सगळं ओझं पाट्यांवर.

बाबांनी ती १९८६ मध्ये सेकंडहँड घेतली. मी तेव्हा नऊ वर्षांचा. बसायच्या जागा पहिल्या दिवसापासून ठरलेल्या. पुढे बाबा आणि आजोबा. मागे डाव्या दाराशी आजी, उजव्या दाराशी आई, आणि मधल्या उंचवट्यावर ताई आणि मी आळीपाळीने, एकमेकांना कोपरं मारत. दर मे महिन्यात गुहागर. पुणे, सातारा, उंब्रज, पाटण, कोयनानगर, मग कुंभार्ली घाट उतरून चिपळूण आणि तिथून गुहागर. जाताना डिकीत पुण्याचं सामान, येताना आंब्याच्या पेट्या, नारळ, कोकमं, आणि एक तरी फणस, जो घाटात घरंगळून डिकीत धडधड वाजायचा.

१९९२ च्या मे महिन्यात परत येताना घाटात गाडी मागून इतकी बसली की वळणावर टायर मडगार्डला घासायला लागला. बाबांनी कऱ्हाडला हायवेवरच्या ट्रकच्या गॅरेजात गाडी घातली. तिथल्या मिस्त्रींनी दोन्ही बाजूंना एकेक जास्तीचा पाटा टाकून दिला. त्या काळी हा सर्रास उपाय होता. गाडी मागून एकदम ताठ झाली. बाबा भलतेच खूश. "आता पाच पेट्या टाका नाहीतर दहा," असं ते पुढे कितीतरी वर्षं येईल त्या पाहुण्याला सांगायचे. आणि डिकीत बसून दाखवायचे!

तो पाटा पुढची तेहतीस वर्षं गाडीखाली होता.

२०२१ मध्ये काचबिंदूमुळे बाबांच्या डाव्या डोळ्याची नजर फारच कमी झाली. एके दिवशी त्यांनी स्वतःच किल्ली माझ्यासमोर टेबलावर ठेवली. कुणी काही म्हणालं नव्हतं. "आता तू," एवढंच म्हणाले. त्यानंतर पहिल्यांदा बाहेर निघालो तेव्हा ते शेजारच्या सीटवर बसले, पण त्यांना ते काही जमेना. दर सिग्नलला त्यांचा उजवा पाय आपोआप ब्रेक शोधायचा. घरी आल्यावर म्हणाले, "पाय दुखला रे. मी आपला मागे बसतो."

आणि पस्तीस वर्षांत पहिल्यांदा बाबा स्वतःच्या गाडीत मागे बसले.

सिंहगड रस्त्यापासून कोथरूडपर्यंत जायचं होतं. मध्ये पाचसहा गतिरोधक आणि नेहमीचे खड्डे. मी आरशातून बघत होतो. दुसऱ्या गतिरोधकाला त्यांनी एका हाताने पुढच्या सीटची पाठ धरली, तिसऱ्याला दोन्ही हातांनी. शेवटी म्हणाले, "अरे, मागे इतके दणके बसतात?"

आई त्यांच्या शेजारीच होती. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मला वाटायचं, रस्ताच तसा आहे."

एवढंच. टोमणा नव्हता त्यात, तिला खरंच तसं वाटत आलं होतं. गाडीत नंतर कुणी काही बोललं नाही.

यामागे साधं यंत्रशास्त्र आहे. चालवणारा माणूस पुढच्या आणि मागच्या चाकांच्या साधारण मधे बसतो. झोपाळ्यासारखी गाडी पुढेमागे हलली तर मधल्याला सगळ्यात कमी हलावं लागतं. मागच्या सीटवरचा माणूस जवळजवळ मागच्या ॲक्सलवरच बसलेला असतो. चाक जेवढं उसळतं त्यातलं बरंचसं त्याच्या पाठीच्या कण्यापर्यंत पोचतं. तीच गाडी, तोच रस्ता, तोच खड्डा, पण पुढच्या आणि मागच्या माणसाचा प्रवास वेगळा. पुढच्याला वाटतं गाडी मस्त चालली आहे. त्याचं खोटं नसतं. त्याला तसंच लागत असतं.

२०२४ मध्ये गाडीचं पासिंग आलं. खासगी गाडीला पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करून घ्यावं लागतं. एप्रिल २०२२ पासून त्याची फी ६०० रुपयांवरून ५,००० झाली होती, वर ग्रीन टॅक्स. भरले. आणि त्याच दिवाळीनंतर बाबा बाथरूममध्ये घसरले. हाड मोडलं नाही असं वाटलं, पण एक्स-रेत कमरेच्या वरच्या मणक्याला दबल्यासारखी चीर दिसली. हाडं ठिसूळ झाली आहेत, डॉक्टर म्हणाले. चार महिने पट्टा, पडून राहणं, मग हळूहळू बसणं, मग घरातल्या घरात चालणं. ब्याऐंशीव्या वर्षी त्यांनी हे सगळं निमूटपणे केलं. मार्चमध्ये डॉक्टरांनी बाहेर जायला परवानगी दिली. फक्त एक अट. दणका बसता कामा नये.

घरात दुसरी गाडी आहे, लहानशी हॅचबॅक. दवाखान्याच्या खेपा तिच्यातूनच होतात. मग फियाट कशाला ठेवायची? हा प्रश्न ताईने फोनवर काढला. (ताई, तू हे वाचते आहेस, मला माहीत आहे. तुझी बाजू नीट मांडतो.) तिचं म्हणणं रास्त होतं. पार्किंगची एक जागा अडते. विम्याचा खर्च. पार्ट मिळत नाहीत. मुंबईत पद्मिनीच्या टॅक्सी होत्या तोवर मालाला गिऱ्हाईक होतं, पण शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवला नोंदवली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या टॅक्सी रस्त्यावरून गेल्याच. पुढचं पासिंग २०२९ मध्ये, आणि वीस वर्षांवरच्या मोटारींची फी २०२५ मध्ये आणखी वाढून दहा हजारांवर गेली. "बाबा त्यात बसू शकत नाहीत, तू महिन्यातून एकदा चालवतोस. कुणासाठी ठेवायची?" ताई म्हणाली.

मी म्हणालो, २०२९ मध्ये गाडीला पन्नास वर्षं होतात. २०२१ च्या नियमानुसार पन्नास वर्षांवरची गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. ताई म्हणाली, "आणि बाबांना तेव्हा शहाऐंशी होतील. त्यांची नोंदणी कुठे करायची?"

बाबा बाजूलाच पलंगावर होते. फोन स्पीकरवर होता. ते म्हणाले, "वीक रे. मी आता काय, नुसता पॅसेंजर."

हे वाक्य मला लागलं. गाडी विकण्याचं दुःख त्यात नव्हतंच. ज्या माणसाने सगळ्या कुटुंबाला पस्तीस वर्षं इकडून तिकडे नेलं, त्याच्या लेखी पॅसेंजर म्हणजे ज्याचं मत विचारायचं कारण नाही असा माणूस. रात्री जेवताना मी आईला म्हटलं, विकायची की नाही ते नंतर बघू, आधी तिची मागची बाजू नीट करतो. आईने आमटी वाढता वाढता विचारलं, "ते नीट होण्यासारखं असतं?"

तर असं ते सुरू झालं.

आमचे गॅरेजवाले मामा सत्तरीला आलेत. गाडी त्यांच्या हातात आहे त्याला वीस वर्षं झाली. त्यांनी आधी एक साधी परीक्षा घेतली. डिकीच्या कोपऱ्यावर दोन्ही हातांनी जोर देऊन गाडी खाली दाबली आणि सोडून दिली. चांगला शॉकअप असेल तर गाडी एकदा वर येते आणि जागेवर थांबते. आमची गाडी तीन वेळा मान हलवत राहिली. "शॉकअप नाहीच म्हणा ना दादा," मामा म्हणाले. खालून पाहिलं तर शॉकअपच्या नळीवर तेल आणि धूळ यांचं काळं लिंपण. तेल केव्हाच बाहेर आलेलं. पुढे तो काढल्यावर त्यांनी हाताने दाबून दाखवला. सायकलच्या फुटक्या पंपासारखा आत गेला, काही विरोधच नाही.

मग पाटे. मुख्य पाट्याच्या डोळ्याशी, म्हणजे जिथे तो गोल वळवून बोल्टला अडकवलेला असतो तिथे, बारीक तडा. बुशांचं रबर दगड झालेलं. आणि सगळ्यात खाली तो कऱ्हाडचा जाड पाटा. मामांनी त्यावर टॉर्च मारला आणि हसले. "हे कुणी घातलं? याच्यावर सिमेंटची पोती न्यायची होती काय?"

बाबांना हे मी सांगितलं नाही.

नाना पेठेत दोन शनिवार गेले. पहिल्या चार दुकानांत पद्मिनीचं नाव काढल्यावर लोकांनी जुन्या मित्राची चौकशी करावी तशी चौकशी केली, माल कुणाकडेच नव्हता. पाचव्या दुकानातल्या म्हाताऱ्या शेठनी माळ्यावर मुलगा चढवला आणि शॉकअपची जोडी निघाली, खोक्यावर बोटभर धूळ. पाट्याचा मात्र एकाच बाजूचा संच. एकाने भागत नाही. पाटे आणि शॉकअप, दोन्ही जोडीनेच बदलायचे असतात. एक बाजू नवी आणि एक जुनी केली तर गाडी एका कुशीवर चालते.

शेवटी मामांनी सोलापूर रस्त्याला ट्रकचे पाटे बांधणाऱ्या एका चाचांकडे नेलं. पत्र्याची शेड, कोळशाची भट्टी, भिंतीला टेकवलेल्या पोलादी पट्ट्या. चाचांनी आमचा जुना पाटा सुटा करून एकेक पान जमिनीवर मांडलं, मोठ्यापासून छोट्यापर्यंत, भातुकलीच्या भांड्यांसारखं. मग तो जाड पाटा बाजूला काढून कॅलिपरने मोजला. मूळ पानांच्या जवळजवळ दीडपट जाड.

दीडपट म्हणजे फार नाही, असं मला वाटलं. चाचांनी मान हलवली. पट्टीची लांबी-रुंदी तीच ठेवून जाडी दुप्पट केली तर तिचा ताठपणा दुप्पट होत नाही, आठपट होतो. दीडपट जाडी म्हणजे तिपटीहून जास्त ताठ. म्हणूनच तर एक जाड पाटा न वापरता अनेक पातळ पानं एकावर एक ठेवतात. सगळी मिळून वजन पेलतात, पण प्रत्येक पान सहज वाकू शकतं. वाकताना पानं एकमेकांवर घासतात आणि थोडी उसळी तिथेच जिरते. चाचांना हे सूत्र कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी दोन्ही पट्ट्यांचं एकेक टोक शिकंज्यात धरून मला दुसरं टोक दाबायला लावलं. मूळ पान हाताखाली वाकलं. जाड पट्टी तशीच राहिली.

"ये वजन के लिए अच्छा है," चाचा म्हणाले, "बैठनेवाले के लिए नहीं."

नवीन पट्टीतून दोन्ही बाजूंची जोडी बांधायची ठरली, मूळ पानांच्या मापाने. मी मुद्दाम दुसऱ्या दिवशी बघायला गेलो. पट्टी भट्टीत लाल होते, जुन्या नमुन्याबरहुकूम तिला बाक देतात, मग तेलात बुडवून पाणी देतात. एवढ्यावर सोडली तर काचेसारखी मोडेल, म्हणून पुन्हा कमी आचेवर तापवून तिचा ताठरपणा थोडा उतरवतात. काही ठिकाणी थंड पट्टीवरच हातोडा मारून बाक देतात. ते स्वस्त पडतं, पण तो पाटा थोड्याच दिवसांत पुन्हा बसतो.

बसवायचं काम मामांनी आमच्याच पार्किंगमध्ये केलं, कारण बाबांना बघायचं होतं. त्यांच्यासाठी खुर्ची आणि पाठीमागे उशी मांडली. पुढच्या चाकांना दगड लावले, गाडी मागून उचलून बॉडीखाली दोन्ही बाजूंना घोड्या लावल्या आणि ॲक्सलखाली वेगळा जॅक. हे महत्त्वाचं. पाटे आणि शॉकअप सोडले की सगळा ॲक्सल मोकळा होतो, आणि तो खाली लोंबकळला तर ब्रेकच्या रबरी नळीवर ताण येतो. जुने यू-बोल्ट गंजून एकजीव झालेले. एक रात्रभर तेल पाजूनही एक नट सुटेना, शेवटी कापावा लागला. तसेही यू-बोल्ट नवेच वापरायचे असतात, एकदा ताणलेल्यांचा भरवसा नाही.

मामांच्या दोन सवयी मी लक्षात ठेवल्या आहेत. नवा शॉकअप बसवण्याआधी त्यांनी तो उभा धरून सातआठ वेळा पूर्ण ओढला आणि दाबला. माळ्यावर आडवा पडून राहिला की त्याच्या आतल्या नळीत हवा शिरते, ती काढल्याशिवाय तो नीट पकडत नाही. आणि रबरी बुशांना त्यांनी ग्रीसचं बोट लागू दिलं नाही, साबणाचं पाणी लावलं. तेल-ग्रीस रबर खातं.

सगळं जागेवर बसलं, पण पाट्यांचे बोल्ट त्यांनी ढिलेच ठेवले. मी विचारलं, घट्ट नाही करणार? "आत्ता नाही. गाडी हवेत असताना घट्ट केले तर रबर त्या स्थितीत पकडलं जातं, आणि गाडी खाली आली की कायमचं पिळलेलं राहतं. लौकर फाटतं." त्यांनी गाडी चाकांवर उतरवली आणि बाबांकडे वळले. "काका, तुम्ही आणि काकू जरा मागे बसा. ज्यांना बसायचंय त्यांच्या वजनावर घट्ट करतो."

आई हात पुसत खाली आली. मी बाबांना धरून आत बसवलं. मामा पाने घेऊन गाडीखाली सरकले. पंधरा मिनिटं ती दोघं न चालणाऱ्या गाडीत मागे बसून होती, आणि मी दाराशी उभा होतो. पुढच्या सीटच्या पाठीवर, उजव्या बाजूला, रेक्झिनवर एक गुळगुळीत काळपट डाग आहे. मला वाटायचं काहीतरी सांडलेलं असेल. बाबांनी त्यावर बोट ठेवून आईला विचारलं, "हे काय गं?"

"मी धरते ना इथे," आई म्हणाली. "घाटात."

बाबांनी त्या डागावर स्वतःचा हात ठेवून पाहिला. मग विचारलं, "बोलली का नाहीस कधी?"

आईने थोडा विचार केला. "तुम्ही इतके खूश असायचात," ती म्हणाली. "आणि आंबे पण यायचे."

खालून मामांचा आवाज आला, "काका, हलू नका."

यावर मला काही भाष्य करायचं नाही. आपल्याकडच्या बायका किती सोसतात वगैरे लिहिणं सोपं आहे, आणि आईला ते आवडणारही नाही. तिच्या मते तिने काही सोसलं नाही, ती गुहागरला जात होती. पण मला त्या दिवसापासून एक सवय लागली आहे. आमच्या दोन्ही गाड्यांत मी कधीकधी बायकोला चालवायला देतो आणि स्वतः मागे बसतो. घरातल्या इतर गोष्टींतही मागची सीट कुठली आणि तिथे कोण बसलंय, हे बघायला हरकत नाही. विचारल्याशिवाय मागचा माणूस सांगत नाही. कारण बहुतेक वेळा त्याला वाटत असतं, रस्ताच तसा आहे.

गेल्या रविवारी बाबांना घेऊन निघालो. कात्रजच्या जुन्या घाटातून खेड शिवापूरपर्यंत, ताशी चाळीसच्या वर नाही. बाबांना पट्टा, पाठीला उशी, शेजारी आई. पहिल्या गतिरोधकाला मी श्वास रोखला. गाडी वर गेली, खाली आली आणि थांबली. दुसरी उसळी नाही, ती आपटल्याची 'धाड' नाही. नुसती एक 'हूं' म्हणाल्यासारखी. दुसऱ्याला तसंच. आरशात बाबांचे हात मांडीवर दिसत होते. घाट चढून पलीकडे उतरताना मी सहज म्हटलं, "बाबा, कसं वाटतंय?" उत्तर नाही. पुन्हा विचारणार तोच आईने आरशातून बघत ओठांवर बोट ठेवलं.

बाबा झोपले होते. मान थोडी आईच्या खांद्याकडे कललेली. स्वतःच्या गाडीत त्यांना झोपलेलं मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. म्हणजे बरोबरच आहे, आजवर ते झोपले असते तर आम्ही कुणीच नसतो! :)

तर ताई, निर्णय असा. गाडी तूर्त विकत नाही. पाचेकशे किलोमीटर झाले की यू-बोल्ट पुन्हा एकदा आवळायचे आहेत, नवे पाटे तेवढ्यात आपली जागा धरतात. ते झालं आणि डॉक्टर हो म्हणाले, तर पावसाळ्यानंतर दोन मुक्काम करत, साताऱ्याला एक आणि कोयनानगरला एक, गुहागरला जायचा विचार आहे. कुंभार्लीतल्या रस्त्याची स्थिती आधी मी एकटा जाऊन बघून येईन. डॉक्टर नाही म्हणाले तर नाही. मग खेड शिवापूर आहेच. आंबे मात्र या वेळी ट्रान्सपोर्टने येतील, डिकी रिकामी ठेवायची आहे.

राहता राहिला तो कऱ्हाडचा जाड पाटा. चाचांनी दोन्ही पट्ट्या परत दिल्या, म्हणाले माल चांगला आहे, टाकू नका. बाबांना त्या बघवेनात आणि टाकवेनात. चार दिवस दाराआड उभ्या होत्या. शेवटी आईनेच तोडगा काढला. कोकणात लोहार अशाच पाट्याच्या पोलादाचे कोयते आणि विळ्या करतात, धार टिकते म्हणून. "एकीची विळी करून आण," ती मला म्हणाली, "आणि एकीचा कोयता. फणस कापायला बरा पडेल."